झडीआडचं शहर

आमची आत्या घराची परीक्षा बोटांनी घ्यायची. घर म्हणजे आम्ही पोरांनी केलेलं, वीतभर उंचीचं, कागदाच्या लगद्याचं नाहीतर साबणाच्या खोक्याचं. ती त्याच्यासमोर उकिडवी बसायची, उजव्या हाताची दोन बोटं माणसाच्या पायांसारखी दारात उभी करायची आणि चालायला लागायची. दारातून अंगणात, अंगणातून पाखाडीच्या दगडी वाटेवर, तिच्या पायऱ्या उतरून बाजारात, बाजारातून एस.टी. स्टँडवर. वाटेत कोणाची भिंत आडवी आली, दुसऱ्याच्या घरातून जावं लागलं, की बोटं तिथेच थांबायची. मग आत्या वर न बघता म्हणायची, “हिला कोणाला तरी विचारून जावं लागेल. मोडा.”

घरात राहणारं माणूस तिच्या लेखी नेहमी ‘ही’ असायचं. ती कोण, हे आम्ही कधी विचारलं नाही. आम्ही मोडायचो आणि परत बांधायचो.

हे शहर पावसाळ्यात उभं राहायचं, कारण पावसाळ्यात दुसरं काही करता यायचं नाही. रत्नागिरीत आमचं घर पाखाडीच्या तोंडाशी होतं. पाऊस लागायच्या आधी बाबा पडवीला झड बांधायचे. माडाच्या झावळ्यांची विणलेली झापं एकाला एक जोडून तिन्ही बाजू बंद. समोर एक माणूस जाईल एवढी फट ठेवलेली, तीच घराची वाट. झडीमुळे पाऊस आत यायचा नाही, उजेडही यायचा नाही. दसऱ्याला झड सुटेपर्यंत आम्ही त्या तपकिरी अंधारात, ओल्या पोत्यांच्या वासात बसून असायचो. शाळेतून आलो की तिथे, जेवलो की तिथे. आम्हाला वर्षाचे चार महिनेच असं बसावं लागे. आत्याची झड बारमाही होती, हे कळायला मला बरीच वर्षं लागली.

आत्या म्हणजे बाबांची धाकटी बहीण. तिला राजापूरकडे दिली होती. नवरा मुंबईला नोकरीला होता, तिथे त्याने दुसरा संसार मांडला आणि आत्या एक ट्रंक घेऊन माहेरी परत आली. पाहुण्यांना सांगताना आमच्याकडे म्हणत, “तात्पुरती आल्ये.” मी जन्मले तेव्हा ती तात्पुरती होती. मी शाळेत जायला लागले तेव्हाही तात्पुरतीच. मधे आजीचं एक अंग लुळं पडलं, आणि आजीला कुशीवर वळवणं, उठवून बसवणं, भरवणं, पुसणं हे सगळं त्या तात्पुरत्या माणसाकडे कायमचं आलं. आजीला फार वेळ एका अंगावर ठेवली तर पाठ सोलायची. त्यामुळे आत्या कोपऱ्यावरच्या गिरणीपलीकडे जाऊ शकत नसे, आणि गिरणीतूनही ती पळतच यायची.

बाबा चळवळीतले. घरात सायक्लोस्टाइलचं मशीन होतं आणि माझं वाचन पत्रकांवर झालं. ‘कामगार बंधू-भगिनींनो’ मला पहिलीच्या पुस्तकातल्या धड्यांआधी वाचता यायचं. सभा पावसाने उधळली की न वाटलेली पत्रकं गठ्ठ्याने परत यायची. आत्या ती घंगाळात भिजत घालायची, उखळात कांडायची, त्यात मेथीची पूड मिसळायची आणि तो लगदा आम्हाला द्यायची. मेथीने भिंत घट्ट होते आणि कसर लागत नाही. पावसात काही वाळत नाही, म्हणून भिंती चुलीवरच्या फळीवर ठेवायच्या. आमच्या अख्ख्या शहराला धुराचा आणि मेथीचा वास यायचा. नीट न कांडलेली अक्षरं मधेच वर यायची. एका छपरावर ‘जुलमी’ एवढंच राहिलं होतं. मासळीबाजाराच्या भिंतीवर ‘झालाच पाहिजे’.

एकदा बाबांनी बायकांच्या मुक्तीवर फार जोरदार पत्रक लिहिलं होतं. आत्याने ते सगळं वाचलं, दोन्ही बाजूंनी. मग बोटांत धरून चोळून बघितलं आणि म्हणाली, “दादा, कागद चांगला आहे ह्या खेपेचा. लवकर भिजेल.”

बाबा हसले. त्यांना तो विनोद वाटला.

शहराचे कारागीर तिघं. मी, माझा धाकटा भाऊ बाळ्या आणि शेजारची रुखसाना. रुखसानाचे वडील आखातात होते. ते आले की येणाऱ्या खोक्यांतून आमच्या पाखाडीला पहिल्यांदा थर्माकोल बघायला मिळाला. त्याचा चुरा आम्ही समुद्राच्या फेसाला वापरला. टॉर्चच्या मेलेल्या सेलचा दीपस्तंभ होता, सायकलच्या ट्यूबचे रस्ते होते. सगळं आंब्याच्या पेट्यांच्या फळ्यांवर रचलेलं असायचं, म्हणजे पडवीत कोणाला झोपायला जागा लागली तर एकेक वस्ती उचलून भिंतीशी लावता येई. एस.टी. स्टँड मात्र आत्याने स्वतः केला होता. त्याच्यात बाकडी होती, पाण्याची टाकी होती, गावांच्या नावांच्या पाट्या होत्या. मंडणगड, दापोली, खेड. ती ह्यातल्या एकाही गावी गेलेली नव्हती.

एकदा बाळ्याने आमचंच घर केलं. पडवी, झड, न्हाणी, मागे मलमाच्या डबीच्या झाकणाची विहीर, विहिरीमागे दगडांचा गडगा. हुबेहूब. आत्याची बोटं पुढच्या दाराशी गेली. तिथे बाळ्याने फटीत आजीची खाट ठेवली होती, कारण त्याला आत जागा पुरली नव्हती. बोटं वळली आणि मागच्या दारातून बाहेर पडली. विहिरीशी थांबली.

“मागचं दार आहे की आपल्याला,” बाळ्या म्हणाला.

“आहे. पण जातं कुठे ते बघ.”

“विहिरीवर.”

“विहिरीवर जाणारं दार मी धरत नाही,” आत्या म्हणाली. “गडग्याला खिंड ठेव.”

“पण खऱ्या गडग्याला नाहीये खिंड.”

“म्हणूनच ठेव हो.”

बाबांना आमचं शहर आवडायचं ते तत्त्वासाठी. ते त्याला ‘उद्याचं शहर’ म्हणायचे. त्या श्रावणात आंब्याच्या कारखान्यातल्या बायकांचा मेळावा होता. त्यांना कामाच्या जागी पाळणाघर हवं होतं. बाबांनी आमच्या फळ्या हातगाडीवर चढवल्या, वर ताडपत्री टाकली आणि शहर मेळाव्याला नेलं. समजावून सांगायला आम्ही तिघं होतोच. आत्या फटीत उभी राहून गाडीमागे ओरडली, “स्टँडावर पाणी पडू देऊ नका.” मग आतून आजीची हाक आली आणि ती आत गेली.

मेळाव्याला दापोलीहून एक बाई आल्या होत्या. त्या बालवाडीच्या शिक्षिका तयार करायच्या. सगळ्यांनी शहर वरवर बघितलं, टाळ्या वाजवल्या. ह्या बाई खाली वाकल्या आणि बराच वेळ उठल्याच नाहीत. मग मला म्हणाल्या, “ह्यात एकही घर कोंडलेलं नाही. हे कोणी सांगितलं तुम्हाला?”

“आत्याने.”

“आत्या कुठे आहे?”

“घरी. तिची आजीला वळवायची वेळ असते.”

दुसऱ्या दिवशी बाई आमच्या पडवीत हजर. आत्याने चहा दिला आणि खांबाला टेकून उभी राहिली. बाई म्हणाल्या, दसऱ्यानंतर दापोलीला नवा वर्ग सुरू होतो, राहायची सोय आहे, पुढे एखाद्या गावात बालवाडी मिळते, फक्त सातवी पास लागते.

“सातवी झाल्ये मी,” आत्या म्हणाली. इतक्या घाईने, की जणू कोणी तरी मधेच ‘नाही’ म्हणेल.

तिच्या तोंडावर मी पहिल्यांदा काही तरी लिहिलेलं बघितलं. ते दिवसभर होतं. आजीला भरवताना होतं, लगदा कांडताना होतं. संध्याकाळी बाबा आले, सगळं ऐकलं आणि पाय पुसत म्हणाले, “तत्त्वतः माझी काहीच हरकत नाही.”

 आई शाळेत शिकवायची. घर तिच्या पगारावर चाले, चळवळ बाबांना पगार देत नसे. आईने भांडण न करता, सरळ विचारलं, “म्हणजे मी नोकरी सोडायची ना?”

“असं कोण म्हणतंय?”

“मग आईंना उचलायचं कोणी?”

बाबांनी पाय पुसायचं फडकं दोरीवर टाकलं. शेवटी आत्याच म्हणाली, “कोणी काही सोडू नका. बाईंना कळवा, यंदा नाही जमत.”

“पुढल्या वर्षी बघूच,” बाबा म्हणाले, आणि त्यांना सुटल्यासारखं झालेलं मला दिसलं.

पत्रक लिहिणं सोपं असतं, कारण पत्रकात मालक असतो. त्याचं नाव घ्यायचं, त्याच्या दाराशी जायचं. आमच्या घरात मालक कुठे शोधायचा? बाबा चांगले, आई दमलेली, आजी लुळी. सगळे भले आणि मधे एक बाई चिणलेली. मला तेव्हा राग आला तो ‘तात्पुरती’ ह्या शब्दाचा. त्याच्या शेजारी आता ‘पुढल्या वर्षी’ येऊन बसला होता.

त्यानंतर आत्याची बोटं थांबली. ती लगदा द्यायची, भिंती वाळवायची, पण चालून बघायची नाही. आम्ही हाका मारल्या तर म्हणायची, “तुम्हीच बघा चालून.” एके दिवशी बाळ्याने मुद्दाम बाजाराच्या रस्त्यावर आडवी भिंत घातली. चांगली हातभर लांब. तीन वस्त्या त्या भिंतीने कोंडल्या. आम्ही आत्याला ओढत आणलं. तिने बघितलं.

“चांगलं झालंय,” ती म्हणाली आणि आजीकडे गेली.

रुखसाना रडायलाच लागली. बाळ्याने भिंत काढायला हात घातला. मी म्हटलं, राहू दे. आणि आत जाऊन बाबांच्या स्टेन्सिलच्या डब्यातून एक कोरं स्टेन्सिल काढलं.

भाद्रपद संपत आला होता, पाऊस थांबत नव्हता. एका सकाळी बाबा त्याच आंब्याच्या कारखान्यातल्या बायकांच्या सभेला निघाले. खांद्याला झोळी, हातात छत्री. उंबऱ्याशी आले आणि थांबले. पडवीभर शहर होतं. उंबऱ्यापासून झडीच्या फटीपर्यंत आम्ही सगळ्या फळ्या एकमेकींना चिकटवून मांडल्या होत्या. पाय ठेवायला बोटभर जागा नव्हती. फटीत नेमका एस.टी. स्टँड होता, आणि स्टँडच्या पलीकडे, पागोळ्यांखाली, आम्ही तिघं.

“उचला रे, उशीर होतोय मला,” बाबा म्हणाले.

मी लांबून पत्रक फेकलं. त्यांनी ते उचललं. त्यांच्याच शाईत छापलेलं होतं. मागण्या तीन. आत्याला दापोलीला पाठवलेच पाहिजे. आजीला वळवायला, उठवायला, बसवायला बाबांनी शिकलेच पाहिजे. ‘तात्पुरती’ हा शब्द ह्या घरात बंद झालाच पाहिजे. खाली लिहिलं होतं, मागण्या मान्य होईपर्यंत घेराव.

बाबांनी ते दोनदा वाचलं. “पत्रक बरं आहे,” ते म्हणाले. “दुसरी मागणी तेवढी अव्यवहार्य आहे.”

आईही शाळेची पिशवी घेऊन मागे अडकली होती. तिने त्यांच्या हातातून कागद घेतला, वाचला, आणि पिशवी खाली ठेवून उंबऱ्यावर बसली. “मला तर दुसरीच व्यवहार्य वाटते.”

“अगं, मला सवय नाही त्याची.”

“कोणाला होती?”

एवढ्यात आत्या ओल्या हातांनी बाहेर आली. “हे काय मांडलंय? उचला. दादाला जायचंय.”

“नाही उचलणार,” बाळ्या म्हणाला. 

बाबांनी शहराकडे एकदा बघितलं. तुडवत जाणं त्यांना शक्य होतं. त्यांनी पाय उचलला नाही, हे मी त्यांच्या बाजूने लिहून ठेवते. ते वळले आणि मागच्या दाराने गेले. विहीर ओलांडली आणि गडग्यासमोर उभे राहिले. गडगा छातीच्या वर होता आणि शेवाळाने हिरवागार झाला होता. त्यांनी एका दगडावर पाय ठेवला, तो घसरला. दुसऱ्यावर ठेवला, तोही घसरला. आत्या मागच्या दारात जाऊन उभी राहिली होती.

“नाही चढता यायचं, दादा,” ती म्हणाली. “मी इतकी वर्षं बघत्ये त्याच्याकडे.”

हे आईने मला नंतर सांगितलं. ती म्हणाली, बाबा तिथे छत्री मिटून कितीतरी वेळ उभे होते.

इकडे फटीशी कारखान्यातल्या दोघी बायका येऊन थडकल्या, डोक्यावर पानांची इरली घेतलेल्या. बाबांना न्यायला आल्या होत्या. मी त्यांना आमचं पत्रक मोठ्याने वाचून दाखवलं. त्यातली थोरली आत डोकावून बघत म्हणाली, “मंग शिकूंदेत की. आमी थांबताव.” आणि दोघी खरंच पायरीवर बसल्या.

बाबा परत आत आले ते नखशिखांत भिजलेले. ते आत्याला म्हणाले, “काय करायचं असतं ते दाखव.”

“आधी अंग पूस. हात गरम करून ये.”

त्या दिवशी आमच्या घरात प्रथमच आत्याने हुकूम सोडले आणि बाबांनी ते पाळले. एक हात मानेखाली, एक गुडघ्यांखाली, ओढायचं नाही, आपल्या अंगाकडे कलवायचं. आतून आजीचा आवाज आला, “कोण तो? पुढारी?”

“आई, मी.”

“मग थरथरतोयस कशाला, मेल्या? माणूस उचलतोयस, झेंडा नव्हे.”

बाबांनी तिला एकदा वळवली, एकदा बसवली. मग आम्ही फटीतली स्टँडची फळी उचलली, पुढच्याही दोन उचलल्या, आणि बाबा त्या बायकांबरोबर पाळणाघर मागायला गेले. आई धावत शाळेला गेली. मोठ्यांपैकी आत्या एकटी पडवीत उरली. ती खाली बसली, एका कोंडलेल्या घराच्या दारात दोन बोटं उभी केली आणि चालायला लागली. बाळ्याच्या आडव्या भिंतीशी बोटं अडली.

“हिला कोणाला तरी विचारून जावं लागेल,” ती म्हणाली. “मोड.”

मागण्या मान्य झाल्या, असं मी लिहिणार नाही. पत्रकात तसं लिहितात. दुसरी मागणी अर्धीच मान्य झाली. बाबा दौऱ्यावर असले की सगळा भार आईवर पडायचा, आणि बाबा दौऱ्यावर बरेचदा असायचे. आजी शेवटपर्यंत, उचलणारे हात कोणाचेही असोत, आत्याचंच नाव घेऊन हाक मारायची. पण पहिली मागणी पुरी झाली. दसऱ्याला झड सुटली, पडवीत उजेड आला आणि त्यात आमचं शहर फारच काळवंडलेलं दिसलं. तीच ट्रंक घेऊन आत्या निघाली. मी बरोबर होते. पाखाडीच्या पायऱ्या उतरताना ती सारखी मागे बघत होती, कोणी हाक मारतंय का म्हणून. स्टँडवर पोचलो. तिने सगळीकडे नजर फिरवली.

“आपला बरा होता गो,” ती म्हणाली. “ह्यांच्यात बसायला जागा कुठाय?”

दापोलीची गाडी लागली. ती चढली. तिने हात हलवला नाही, कारण दोन्ही हातांनी ट्रंक धरली होती.

पुढे तिला मंडणगडच्या बाजूला एक बालवाडी मिळाली. मागच्या वर्षी मी तिच्याकडे गेले होते. मीही आता पत्रकं लिहिते, भाषणं करते, आणि दर गावात उतरल्यावर माझी नजर आधी वाटा शोधते. बालवाडीच्या अंगणात पोरं चिखलात बसून खोक्यांची घरं मांडत होती. आत्याचे केस पांढरे झाले होते. ती मला तिची खोली दाखवायला घेऊन गेली. एक खाट, एक स्टोव्ह, तीच ट्रंक. जांभ्याच्या चार भिंती आणि एकच दार.

मी सगळीकडे बघितलं. “आत्या, मागचं दार?”

“नाहीये.”

“चालतं तुला?”

“किल्ली माझ्याकडे असते ना,” ती म्हणाली आणि चहाचं आधण ठेवलं.

संध्याकाळी ती मला गाडीवर सोडायला आली. खोलीला कुलूप घातलं, किल्ली कमरेला खोवली. गाडी सुटली तेव्हा मी मागच्या काचेतून बघत राहिले. मला वाटलं, ती आता खोलीकडे वळेल. ती वळली नाही. खोलीची वाट डावीकडे सोडून ती समोरच्या चढाने, काहीही काम नसताना, रमत-गमत चालत गेली.